हजेरीआधीचे दहा आकडे

पोळा होऊन गेला, कपाशी कमरेला लागली आणि ओळींमधून निंदणीच्या बाया वाकलेल्या दिसायला लागल्या की माझी एक जुनी खोड डोकं वर काढते. मी मनातल्या मनात एक ते दहा आकडे मोजायला लागते. परवा भाचीबरोबर तिच्या घरी पहूरला निघाले होते. गाडीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना ओली काळी जमीन, त्यात हिरव्या-पोपटी लुगड्यांची रांग, आणि बांधावर पाण्याची कळशी. माझे ओठ हलत असणार, कारण भाची म्हणाली, "मावशी, जप करतेस का गं?" मी म्हटलं, हो, तसंच काहीसं. खरं सांगायला बसले असते तर पहूर मागे पडून जामनेर आलं असतं.

जप नव्हे, हिशेब आहे तो. कुणी तरी बोलायचं राहिलंय का, हे बघण्याचा.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी जळगावात मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि घरी आमच्या मागच्या खोलीत वायरलेसचा सेट चालवायचे. हौशी माणसांना सरकार त्याचं रीतसर लायसन्स देतं. परीक्षा द्यावी लागते, कट्ट-कड कट्ट करत मोर्स यावं लागतं, आणि नंतर घरी पोलीस चौकशीला येतो. माझ्या चौकशीला आलेल्या हवालदारांनी अर्धा कप चहा संपेपर्यंत मला एक प्रश्न विचारला नाही. सगळे प्रश्न आमच्या ह्यांना. "बाईंना वायरलेस कशाला पाहिजे?" असं विचारल्यावर हे म्हणाले, "बोलायला. मी ऐकून ऐकून थकलो." हवालदारांनी ते लिहून घेतलं की नाही कोण जाणे, पण लायसन्स आलं.

सेट आबांनी बांधून दिलेला. आबा धुळ्याचे, लष्कराच्या वायरलेस खात्यातून निवृत्त झालेले. मोठमोठ्या मिशा, कानात केस, आणि हातात कायम सोल्डरिंगची कढत कांडी. खानदेशात आम्ही जे सात-आठ जण हवेत बोलायचो, ते सगळे आबांचे चेले. माझ्या सेटचा सांगाडा पत्र्याच्या बिस्किटांच्या डब्याचा होता. चालू केला की आधी धूळ तापल्याचा वास यायचा, मग व्हॉल्व्हचा तांबूस उजेड, मग सूं करणारी खरखर. ती खरखर आवडायला लागली की माणूस संपला, असं आमचे हे म्हणत. मला ती आवडायची. अजून आवडते.

फोन होते की, पण कसले. ट्रंककॉल लावून माणूस स्वयंपाक करून जेवून मोकळा व्हायचा. आणि पाऊस लागून राहिला की तारा पडायच्या, त्या चार-चार दिवस पडलेल्याच. म्हणून आबांनी पावसाळ्यात रोज सकाळी सातला हजेरी सुरू केली. सगळ्यांनी एकाच फ्रिक्वेन्सीला सेट लावायचा, नंबरानं बोलायचं. पाऊस किती, नदी कशी, रस्ता चालू की बंद, कुणाला काही हवं-नको. एका वेळी एकानंच बोलायचं, कारण माईकचं बटण दाबलं की आपल्याला दुसऱ्याचं ऐकू येत नाही, आणि दोघांनी एकदम दाबलं तर कुणाचंच काही कळत नाही. हजेरी घ्यायचं काम माझ्याकडे. शाळेत रोज साठ मुलींची घेत होते, त्यात आणखी सात. आवाज खणखणीत, शिस्त कडक. मला त्याचा अभिमान होता, हे कबूल करून टाकते.

नंबर कसे लावले होते तेही सांगायला हवं, कारण सगळं त्यावर येऊन अडलं. लावले मी, मानाप्रमाणे. पंगतीत आधी वडीलधारे बसतात, लग्नात आधी त्यांना टोपी-उपरणं, तसंच. पहिला नंबर आबांचा. मग जामनेरचे एक निवृत्त पोस्टमास्तर. मग पहूरचे कापड दुकानदार. असं करत करत सहावे शिरपूरचे भिकनभाऊ, मोटारींचं रिवाइंडिंग करणारे. आणि सगळ्यांत शेवटी, सातवे, सुकलाल गुरुजी. वयानं लहान, लायसन्स नवं, गाव सगळ्यांत लांब. शिरपूरच्या पलीकडे नदी ओलांडून सातपुड्याच्या पायथ्याला त्यांची एकशिक्षकी शाळा होती. तिथं वीज नव्हती. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी सायकलला बांधून ते पिठाच्या गिरणीवर नेत, भरून आणत. एरियलची तार एका निंबावरून एका मोहाच्या झाडावर टाकलेली. त्या मोहावर माकडं आली की आमच्याकडे सुकलाल गुरुजींचा आवाज वरखाली व्हायचा.

आणखी एक गंमत. भिकनभाऊंचं शिरपूर गुरुजींना सगळ्यांत जवळ, पण भिकनभाऊंना त्यांचा आवाज खरखरीत बुडालेला यायचा, बहुतेक वेळा येतच नसे. मला इथं जळगावात मात्र तो स्वच्छ. आबा कागदावर रेघा काढून समजावत की हा आवाज आधी वर आभाळात जातो आणि मग खाली येतो, त्यात जवळचा माणूस ओलांडला जातो. मी मान डोलवायचे. विज्ञान शिकवत असून मला ते पुरतं कधी कळलं नाही. जवळच्याचं ऐकायला लांबचा माणूस मधे लागतो, एवढं मात्र डोक्यात बसलं.

त्या वर्षी पावसाच्या आधी, मे महिन्यात, हजेरीची तालीम चालू असताना एक प्रसंग झाला. पोस्टमास्तर आपल्या गुडघ्यांबद्दल काही सांगत होते. आणि मधेच, अगदी मधेच, सुकलाल गुरुजी घुसले. आवाज धापा टाकणारा. "ताई, आमना गावमा आज एसटी उनी. पहिली एसटी. बठ्ठा पोरे मांगे पयी ऱ्हायनात." बस आली होती त्यांच्या गावात, जन्मात पहिल्यांदा, आणि सगळी मुलं तिच्या मागे धावत होती. खिडकी उघडून त्यांनी माईक बाहेर धरला असावा, कारण लांबून हॉर्न आणि पोरांचा गलका ऐकू येत होता. कुणीही माणूस हसला असता, अभिनंदन केलं असतं. मी काय केलं? मी त्यांना झापलं. म्हटलं, गुरुजी, तुमच्या वर्गात पोरं अशी मधेच बोलली तर चालेल का तुम्हाला? नंबर आल्याशिवाय बोलायचं नाही. आणि घरगुती गोष्टी, गावच्या गोष्टी हवेत आणायच्या नाहीत, कामापुरतं बोलायचं, बॅटरी तुमचीच जाते. ते म्हणाले, चुकलं, ताई. आबा नंतर मला एवढंच म्हणाले की पोरी, बस रोज येत नाही. मी ते मनावर घेतलं नाही.

पोळ्यानंतरचे ते दिवस. तीन दिवस संततधार. घरात काही म्हणता काही वाळत नव्हतं. मुलांचे गणवेश मी तव्यावर उबवून देत होते. त्या सकाळी सातला सेट लावला तेव्हा खिडकीच्या गजांवरून पाणी ओघळत होतं आणि लॉगबुकाची पानं दमट झाल्यानं पेन्सिल उमटत नव्हती. लॉगबुकात कोण किती वाजता बोललं ते लिहावंच लागतं, कायदा आहे. ते लॉगबुक अजून माझ्याकडे आहे. म्हणून मिनिटं सांगू शकते, नाही तर बरं झालं असतं, विसरून गेले असते.

सात वाजून एक मिनिट, आबा. आबांनी पांझरेला पाणी किती आहे ते सांगितलं आणि मग नव्या तारेवर आले. कुठल्याशा जळक्या ट्रान्सफॉर्मरमधून त्यांना तांब्याची तार मिळाली होती, ती त्यांनी संततधार लागायच्या आधी अंगणात ताणली, तर शेजारणीनं तिच्यावर पापड वाळत टाकले. मी हसत होते. त्यांनी दम घ्यायला बटण सोडलं तेवढ्यात मला एक बारीकसा आवाज आला. टक्. कुणीतरी बटण दाबलं की खरखर क्षणभर बसते, तशी बसली आणि परत उठली. कुणी बोललं नाही. मी बटण दाबून म्हटलं, "मधे कोण आहे? नंबरानं या."

बस, एवढंच. आणि आबांना म्हटलं, हं आबा, पापडांचं काय झालं?

सात सहाला जामनेर. सात नऊला पहूर. त्यांनी पोळ्याला कुणाचा बैल कुणाच्या ओट्यावर चढला त्याचा किस्सा लावला. मी मधे एकदा उठून गॅसवरचं दूध बघून आले. पुढे दोघं जण झाले. सात सोळाला भिकनभाऊ. शिरपुरात पाऊस थांबलाय, दुकान उघडायला जातो, सेट बंद करतो, असं म्हणाले. सात एकोणीसला मी पुकारलं, नंबर सात, गुरुजी, या.

आवाज अगदी शांत. फार शांत, हे मला नंतर जाणवलं. "ताई, तातडीनं शे. एक बाईले साप चावना. घोणस शे, मी सोता दखी. वय तीस. उजवा हात. साडेसहाले. हात कोपरालगून सुजी गया. नदीले पूर शे, रस्ता बंद शे. इंजेक्शन लागी."

मी घड्याळाकडे पाहिलं. तोंडातून आधी तेच बाहेर पडलं, गुरुजी, तुम्ही सात वाजल्यापासून होतात ना? मग गप्प का बसलात?

"मना नंबर येल नव्हता, ताई."

तेव्हा रडत बसायला वेळ नव्हता. भिकनभाऊ नुकतेच सेट बंद करतो म्हणाले होते. मी हाक मारली, भिकनभाऊ. खरखर. पुन्हा मारली. खरखर. भिकनभाऊंनी सेट बंद केला असेल तर शिरपुरात माझा दुसरा कुणी नव्हता. फोन मेलेले. जळगावहून माणूस पाठवला तर दुपार होणार. तिसऱ्यांदा मी हाक मारली ती आमच्या गल्लीतल्या लोकांनीही ऐकली असेल. आणि भिकनभाऊ आले. म्हणाले, ताई, कुलूप हातात आहे, बोला.

पुढची पाच मिनिटं मी चोख होते. त्याबद्दल स्वतःला दोष देत नाही. वय, हात, वेळ, साप कोणता, सूज कुठवर, सगळं एकेक करून भिकनभाऊंना दिलं, त्यांच्याकडून परत वदवून घेतलं. सरकारी दवाखान्यातून इंजेक्शन आणि ते देणारा डॉक्टर, दोन्ही घेऊन नदीवर या, बाईला पलीकडच्या काठावर आणून ठेवतील. गुरुजींना सांगितलं, हात हलवू देऊ नका, चालवू नका, खाटेवर घालून आणा, आणि कुणाला चिरू-चोखू देऊ नका. भगत आलाय, म्हणाले, त्याचे मंत्र चालू आहेत, पण मी हाताला हात लावू देत नाही. मग मी, सगळं झाल्यावर, जरा मोठेपणानं म्हटलं, "गुरुजी, बाईच्या घरच्यांना धीर द्या."

गुरुजी म्हणाले, "ठीक शे, ताई. धीर देस. आते मी नदीवर जास, सेट बंद करस."

आणि बंद झाला.

त्यानंतरच्या साडेतीन तासांची मला कुणी आधी मुदत घालून दिली असती तर बरं झालं असतं. इतक्या वेळात कळेल, असं कुणी सांगितलं असतं तर. शाळेत ह्यांच्या हाती चिठ्ठी पाठवली. सेटसमोरच्या स्टुलावर बसून राहिले. पाऊस कमी व्हायचा, वाढायचा. नऊला वीज गेली, तेव्हा मी धडपडत स्कूटरची बॅटरी जोडली आणि घाईत उलटी जोडणार होते, आबांनी शिकवलेलं लाल-काळं आठवून हात थांबवला. उलटी जोडली असती तर सेट तिथंच जळाला असता. दर पंधरा मिनिटांनी धुळ्याहून आबा यायचे. "काही?" मी म्हणायचे, नाही. एवढंच बोलून ते जायचे. हवेत उगीच बोलून जागा अडवायची नाही, हे त्यांना मला सांगावं लागलं नाही. इतर सगळेही आपापल्या सेटवर ऐकत बसले होते, हे मला नंतर समजलं. पोस्टमास्तर, कापडवाले, सगळे. कुणी एक शब्द काढला नाही. सहा माणसं सकाळच्या वेळी कामधंदे सोडून खरखर ऐकत होती.

त्या साडेतीन तासांत मी ती टक् पुन्हा पुन्हा ऐकली. मी तेव्हा शंभर कारणं शोधली. वीज चमकली असेल. माकडं मोहावर आली असतील. कुणाचं बोट चुकून लागलं असेल. पण मला माहीत होतं. सात वाजून चार-पाच मिनिटांनी एका माणसानं दार वाजवलं होतं आणि मी आतून ओरडले होते, रांगेत उभा राहा.

अकराला दहा कमी असताना भिकनभाऊ आले. आवाजात दम नव्हता. नदी दोन पुरुष खोल होती, म्हणाले. डॉक्टर नागपूरकडचा तरुण, पोहता येत नव्हतं. पलीकडून चार पावरा आदिवासी पोरं पोहत आली, ट्रॅक्टरच्या ट्यूबवर डॉक्टरला बसवला, पेटी त्याच्या डोक्यावर बांधली आणि दोर धरून नेला. "डॉक्टर डोये मिटीसन बठेल व्हता, ताई, पण गया." पलीकडच्या काठावर खाट होतीच. इंजेक्शन दिलं. बाई शुद्धीवर आहे. पाणी उतरलं की धुळ्याला हलवतील, डॉक्टर तोवर तिथंच राहतोय. मी डोळे पुसले. आबांचा आवाज आला, शाब्बास रे. मी सुटकेनं काहीतरी बोलले, घरच्यांना कळवा वगैरे.

भिकनभाऊ म्हणाले, "घरचे म्हंजे, ताई, ती गुरुजीनी बायको शे ना. तुम्हले माहीत नही का?"

मला माहीत नव्हतं. एक बाई, वय तीस. उजवा हात. घरगुती गोष्टी हवेत आणायच्या नाहीत, असं मीच सांगितलं होतं. आणि त्यांनी तेही पाळलं होतं. ज्या माणसाला मी धीर द्या म्हणत होते, तोच माईक धरून उभा होता. एकोणीस मिनिटं तो आबांच्या तारेवरचे पापड आणि पोळ्याचा बैल ऐकत होता, बाहेर ओसरीवर बायकोचा हात फुगत चाललेला, आणि आपला नंबर सातवा आहे हे त्याला ठाऊक होतं.

मी सेट बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. हे दुपारी आले तेव्हा तशीच होते. काय झालं, म्हणाले. मी म्हटलं, मला शिस्त फार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी सेट लावला तेव्हा हजेरी घ्यायला तोंड उघडेना. आबा आधीच बोलले. ते सहसा माझ्या आधी कधी बोलत नसत. "पोरी, मना नंबर आते सर्वामा शेवट लाव. जो सर्वामा लांब, त्याना पहिला." मग पोस्टमास्तरांनी सहावा मागितला. मानपानावरून जे भांडण होतं ते आमच्याकडे उलटं झालं, प्रत्येक जण मागच्या जागेसाठी अडून बसला. मी सगळी यादी उलटी लिहून काढली. आणि वर एक ओळ माझी घातली. हजेरी सुरू करण्याआधी विचारायचं, कुणाला तातडीचं काही? आणि बटण सोडून दहापर्यंत मोजायचं. त्या दहा आकड्यांत दुसऱ्या कुणी बोलायचं नाही, अगदी राम राम सुद्धा नाही.

दिवाळीनंतर आम्ही दोघं गुरुजींच्या गावी गेलो. शिरपूरपर्यंत एसटी, पुढे भिकनभाऊंची जीप. पावसात वाहून गेलेला रस्ता अजून तसाच होता. मे महिन्यातली ती बस नंतर आलीच नव्हती. नदीत गुडघाभर पाणी, त्यात बायका धुणं धूत होत्या. मला ते पाणी बघवेना. मधे शिरपुरात त्या डॉक्टरला भेटले होते. एकोणीस मिनिटांनी काय फरक पडला असता, असं मी त्याला सरळ विचारलं. तो म्हणाला, मॅडम, घोणशीच्या विषात कधी तासानं फरक पडत नाही, कधी पाच मिनिटांनी पडतो. ते मी काय, कुणीच सांगू शकणार नाही. मला वाटलं होतं तो हो म्हणेल किंवा नाही म्हणेल. कुठलंही चाललं असतं.

गुरुजींची बायको जमना. सडपातळ, मोठी टिकली, चालणं भरभर. उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट धुळ्याच्या दवाखान्यात काढावं लागलं होतं. त्या हातानं ती ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती. तीन बोटांनी थापताना भाकरीची एक कड जरा जाड राहायची, ती डाव्या हातानं दाबून घ्यायची. माझी नजर तिथून हलत नव्हती हे तिनं पाहिलं. म्हणाली, बोटं दोनच गेली, माणूस तर राहिला. तुमच्या त्या मशीननं वाचवलं मला, ताई. गुरुजी कोपऱ्यात सेटवरची धूळ पुसत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी हळूच मान हलवली, म्हणजे सांगू नका. त्यांनी घरी काही सांगितलेलं नव्हतं.

सांगितलं नसतं तर कदाचित बरं झालं असतं. पण ते आभार गिळणं माझ्याच्यानं झालं नाही. मी सगळं सांगितलं. मे महिन्यातली बस, मी झापलं ते, मानाचे नंबर, ती टक्, नंबरानं या. एकोणीस मिनिटं. गुरुजी मधेच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ना, ताई." मी थांबले नाही. माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं तेव्हा तव्यावरची भाकरी करपली होती.

जमनानं करपलेली भाकरी काढून बाजूला ठेवली. तवा पुसला. नवी टाकली. रडली नाही, रागावलीही नाही, पण हसली पण नाही. मग मला विचारलं, "मंग आते पहिले कोन्ले इचारतस तुम्ही?"

मी म्हटलं, तुमच्या गावाला.

"मंग व्हयनं. बठा, जेवाले बठा." झालं तर मग, एवढंच.

ती करपलेली भाकरी मी मागून घेतली. तिनं दिली. नको नको केलं नाही. मला तेच योग्य वाटलं.

क्षमा केली असं म्हणायचं का याला? मला नाही वाटत. तिनं मला एक काम दिलं आणि ते नीट होतंय का ते बघणार, असं तिच्या डोळ्यांत होतं. पुढे कितीतरी वर्षं मी हजेरीत दहा आकडे मोजत असताना ती गुरुजींच्या मागे उभी राहून ऐकायची, हे मला गुरुजींनी फार नंतर सांगितलं. एखाद्या दिवशी मी आठपर्यंतच मोजून हजेरी सुरू केली तर ती म्हणे गुरुजींच्या पाठीत कोपर मारायची.

आता आबा नाहीत. पोस्टमास्तर गेले, कापडवाल्यांची मुलं पुण्याला. भिकनभाऊंना कमी ऐकू येतं, पण बसतात. गुरुजी निवृत्त होऊन शिरपुरात राहायला आले आणि तरी यादीत अजून पहिलेच आहेत; बदलायचं कुणाच्या मनात आलं नाही. सगळ्यांच्या खिशात मोबाइल आलेत. माझ्या मोबाइलवर निवृत्त शिक्षिकांचा एक गट आहे, त्यात सकाळी सहापासून गुलाबाची फुलं येतात आणि दुसरीचं बोलणं संपायची कुणी वाट बघत नाही. एकाच वेळी तीस जणी बोलतात. मला त्यात गुदमरायला होतं. कुणी त्यात बुडत असली तर कळायचं कसं?

परवा पहूरहून परत येतानाच आभाळ भरलेलं होतं. रात्रीत वादळ झालं, मोबाइलचा कुठला तरी मनोरा पडला आणि कालपासून सगळे फोन मुके आहेत. शेजारची माणसं गच्चीवर जाऊन फोन उंच धरून उभी. मी मागच्या खोलीत गेले, सेटवरचं फडकं काढलं. धूळ तापल्याचा तोच वास. खिडकीबाहेर पाणी गजांवरून ओघळतंय. सात वाजले. बटण दाबून विचारलं, कुणाला तातडीचं काही? आणि बटण सोडलं.

एक. दोन. तीन. चारला मला नेहमी ती टक् येईल असं वाटतं. आली नाही. पाच. सहा. सात. आठ. नऊ.

दहा.

मग मी पहिला नंबर पुकारला, आणि पलीकडून सुकलाल गुरुजी म्हणाले, "बठ्ठं ठीक शे, ताई."